महाभारत पहिल्यांदा वाचायला घेताय? आधी बघा, कोण कोणाला सांगतंय

आपल्याकडे महाभारत बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पाहिलेलं असतं. वाचलेलं क्वचितच असतं. कीर्तनातून, मालिकांतून, कर्णावरच्या कादंबऱ्यांतून ते आपल्यापर्यंत आलेलं असतं. शकुनिमामा, भीष्मप्रतिज्ञा, अज्ञातवास हे शब्द तर रोजच्या बोलण्यातले. त्यामुळे मूळ ग्रंथ उघडणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा गोंधळाची असते. कितीतरी पानं उलटली तरी कौरव-पांडवांचा पत्ता नाही. उत्तंक नावाचा कुणी शिष्य कुंडलं मिळवायला निघालाय, रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन प्रमद्वरेला जिवंत करतोय, कद्रू आणि विनता घोड्याच्या शेपटीच्या रंगावरून पैज लावतायत. ‘आपण भलतंच पुस्तक तर उघडलं नाही ना?’ असं वाटून अनेकजण इथेच ग्रंथ मिटतात.

तो मिटू नये म्हणून हा लेख. ग्रंथ मोठा आहे, पण अवघड नाही. त्यात शिरण्याची एक किल्ली मात्र हवी. कोणतंही पान वाचताना विचारायचं : हे कोण सांगतंय आणि कोणाला?

प्रत कोणती घ्यायची

दोन गोष्टी लक्षात ठेवा. संक्षिप्त आवृत्ती कथा कळण्यापुरती ठीक. पण तिच्यात सांगणारे आणि ऐकणारे गाळलेले असतात आणि फक्त घटना उरतात. म्हणून कथेचा सांगाडा अजिबात माहीत नसेल तर एखादी छोटी आवृत्ती आधी झरझर वाचा, आणि मग संपूर्ण भाषांतराकडे वळा.

संपूर्ण ग्रंथाच्याही वेगवेगळ्या परंपरा आहेत. अनेक छापील प्रती नीलकंठ चतुर्धराच्या पाठावर आधारलेल्या असतात. हा सतराव्या शतकातला टीकाकार मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा. टीका मात्र त्यानं काशीत बसून लिहिली. गीता प्रेसची सहा खंडांची संस्कृत-हिंदी आवृत्ती सहज मिळते आणि मराठी वाचकाला तिची हिंदी जड जात नाही. दुसरी वाट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीची. १९१९ साली तिचं काम सुरू झालं. विष्णु सीताराम सुखठणकर १९२५ पासून १९४३ मधल्या निधनापर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहून १९६६ साली हे काम पूर्ण झालं. सगळ्या भागांतल्या हस्तलिखितांचा ज्याला आधार आहे ते वर, आणि एखाद्याच प्रदेशात मिळतं ते तळटीपेत किंवा परिशिष्टात, अशी तिची शिस्त. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, हा प्रसंगही तिथे परिशिष्टात गेला आहे.

पहिल्या वाचनाला यातली कुठलीही प्रत चालेल. एक ठरवा आणि तिलाच धरून राहा. प्रत बदलली की अध्यायांचे क्रमांक बदलतात आणि खुणा हरवतात.

घरातल्या कुणी सांगितलं असेल की महाभारत घरात ठेवलं की भांडणं होतात, तर त्यांना ग्रंथाचा शेवट वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला आणि ऐकवणाऱ्याला पुण्य लागतं, असं तिथे भरभरून सांगितलंय.

सुरुवातीची पानं कशी वाचायची

लोमहर्षणाचा मुलगा उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात येतो. तिथे शौनकाचं बारा वर्षांचं सत्र, म्हणजे दीर्घ यज्ञ, चालू आहे. ऋषी त्याला विचारतात, कुठून आलास? तो म्हणतो, जनमेजयाच्या सर्पसत्रातून. तिथे वैशंपायनांच्या तोंडून व्यासांची कथा ऐकली. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. त्याचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशानं गेला, म्हणून त्यानं सगळ्या सापांना जाळायचा यज्ञ मांडला. त्या यज्ञाच्या मधल्या वेळात त्याला त्याच्याच पूर्वजांच्या संहाराची कथा ऐकवली जाते. व्यास समोरच बसलेले आहेत, पण सांगतो त्यांचा शिष्य. सापांच्या, गरुडाच्या, कद्रू-विनतेच्या त्या सगळ्या गोष्टी सुरुवातीला का आल्या, ते इथे उलगडतं. सूडाच्या यज्ञात सूडाची कथा चालली आहे, आणि तो यज्ञ आस्तिक नावाचा एक मुलगा येऊन थांबवतो.

पहिला अध्याय सोडू नका. त्यात आंधळा धृतराष्ट्र, सगळे मुलगे गेल्यावर, संजयाजवळ आक्रोश करतो. प्रत्येक श्लोक ‘यदाश्रौषं’नं सुरू होतो आणि ‘तदा नाशंसे विजयाय संजय’ यावर येऊन थांबतो : अमुक ऐकलं, तेव्हाच मी जयाची आशा सोडली, संजया. अर्जुनानं लक्ष्यवेध केला ते ऐकलं, द्रौपदीला सभेत ओढत आणलं ते ऐकलं, भीष्म पडल्याचं ऐकलं. पन्नासहून अधिक श्लोकांत अख्खं महाभारत हरलेल्या बापाच्या तोंडून येऊन जातं. संस्कृत येत नसलं तरी यातले दहाएक श्लोक मोठ्यानं म्हणून बघा. हे श्लोक त्रिष्टुभात आहेत, अकरा-अकरा अक्षरांच्या चरणांत. बहुतेक ग्रंथ मात्र अनुष्टुभात आहे, आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांत. तेही थोडे म्हणून बघा. ती चाल एकदा कानात बसली की पुढचं वाचन हलकं होतं.

दुसरा अध्याय म्हणजे ग्रंथानं स्वतःच दिलेली अनुक्रमणिका. अठरा पर्वांत काय काय आहे, कुठल्या पर्वात किती अध्याय आणि श्लोक, ते तिथे मोजून दिलंय. आत्ता वाचायचा नाही. खूण घालून ठेवायचा आणि वाट चुकल्यासारखं वाटलं की उघडायचा. त्यापुढचं, थेट सर्पसत्रापर्यंतचं, आवडलं तर सावकाश वाचा, नाहीतर चाळा. थांबायचं ते जनमेजयाच्या प्रश्नाशी. तो व्यासांना म्हणतो, तुम्ही कौरव-पांडवांना डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्यात फूट कशी पडली ते सांगा. इथून कथा पकड घेते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. वैशंपायन आधी थोडक्यात सगळं सांगून टाकतो आणि मग तेच विस्तारानं सांगायला बसतो. पुढे काय होणार हे महाभारत कधीच लपवत नाही. आपण वाचतो ते ‘कसं झालं’ यासाठी.

वही हवी, आणि नावांचा एक कागद

वंशावळ पुस्तकातली उतरवू नका. वाचता वाचता स्वतः काढा. शंतनूपासून सुरू करा आणि सत्यवतीपाशी थांबून तिच्या लग्नाआधीच्या मुलाचं, म्हणजे व्यासांचं नाव लिहा. धृतराष्ट्र आणि पांडू हे या व्यासांचेच नियोगातून, म्हणजे मेलेल्या भावाच्या वंशासाठी त्याच्या बायकांच्या पोटी, झालेले मुलगे. म्हणजे ग्रंथाचा कर्ता दोन्ही बाजूंचा आजा आहे. कागदावर रेघ ओढली की हे जसं अंगावर येतं तसं नुसतं वाचून येत नाही.

नावांचा कागद वेगळा करा, कारण एकाच माणसाला अनेक नावं आहेत. विराटपर्वात शमीच्या झाडापाशी राजपुत्र उत्तर बृहन्नडेला म्हणतो, तू अर्जुन असशील तर अर्जुनाची दहा नावं सांग. अर्जुन सांगतो : अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. शिवाय पार्थ, कौंतेय, गुडाकेश ही आणखी. भीम म्हणजे वृकोदर, कुंती म्हणजे पृथा, द्रौपदी म्हणजे पांचाली, याज्ञसेनी आणि कृष्णा. कर्ण म्हणजे राधेय, वसुषेण, वैकर्तन. ‘भारत’ आणि ‘कुरुनंदन’ ही संबोधनं तर दोन्हीकडच्या माणसांना लागतात.

ही संबोधनं बऱ्याच भाषांतरांत गाळतात. तुमच्या प्रतीत असतील तर त्यांच्यावरून नजर नुसती फिरवू नका. युद्धपर्वांत ‘राजन्’ म्हणजे बहुतेक वेळा धृतराष्ट्र. ‘तुझा मुलगा’ म्हणजे दुर्योधन, ‘तुझी माणसं’ म्हणजे कौरवसेना. भीम कौरवांना एकेक करून मारतो ते सगळं संजय त्यांच्या बापाला, तोंडावर सांगतो आहे.

एकच प्रसंग दोनदा आला की थांबा

पहिल्या वाचनातलं सगळ्यात मोठं सुख इथे आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

मयसभेचा प्रसंग घ्या. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो, पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. आपल्या मनात काय बसलंय? द्रौपदी हसली आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली. चिकित्सित आवृत्तीचं सभापर्व उघडा. ते वाक्य तिथे नाही. तो पडतो तेव्हा वैशंपायन सांगतो की भीम हसला, अर्जुन हसला, नकुल-सहदेव हसले, सेवकही हसले. द्रौपदीचं नाव तिथे नाही. पुढे हस्तिनापुरात दुर्योधन हीच हकिगत बापाला सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्यात कृष्ण अर्जुनासह मोठ्यानं हसला आणि द्रौपदी इतर स्त्रियांसह हसली, असं येतं. खरोखर कोण हसलं, याचा निवाडा ग्रंथ करत नाही. पण अपमान झालेला माणूस घरी येऊन बापाला काय सांगतो, आणि ज्याला काही दिसत नाही असा बाप ते ऐकून द्यूताला हो म्हणतो, हे आपल्यासमोर उघडं ठेवतो.

दुसरा प्रसंग उद्योगपर्वातला. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याचा जन्म सांगतो : तू कुंतीचा थोरला, राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील. कर्णाचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलंय. मोठमोठ्या तत्त्वांच्या आधी तो राधेचं सांगतो. मला पाहून तिला पान्हा फुटला, माझं हगणं-मुतणं तिनं काढलं, तिचा पिंड मी कसा तोडू? आणि मग तो कृष्णाला विनवतो, हे युधिष्ठिराला कळू देऊ नको. मी थोरला हे कळलं तर तो राज्य घेणार नाही. आणि ते माझ्या हाती आलं तर मी दुर्योधनालाच देईन.

आता मागे जाऊन या भागाची पहिली ओळ बघा. धृतराष्ट्र संजयाला विचारतो, रथात बसवून कृष्ण कर्णाशी काय बोलला? म्हणजे हा संवाद आपल्याला संजय सांगतो आहे आणि ऐकणारा धृतराष्ट्र आहे. कर्ण कोण हे धृतराष्ट्राला लढाई सुरू होण्याआधी कळलंय. युधिष्ठिराला ते कळतं स्त्रीपर्वाच्या शेवटी, सगळे मेल्यावर, गंगेवर तिलांजली देताना, कुंतीच्या तोंडून. कथा पाठ असणाऱ्यांच्याही नजरेतून हे निसटतं, कारण ‘कोणाला सांगितलं’ इकडे लक्षच गेलेलं नसतं.

अशा जागी वहीत पानाचा क्रमांक टिपा. आपण लहानपणापासून ऐकलेलं जे मूळ पाठात सापडलं नाही, तेही टिपा. अभिमन्यूनं सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला ही गोष्ट शोधून पाहा. द्रोणपर्वात तो एवढंच म्हणतो की व्यूह फोडायचं वडिलांनी शिकवलं, बाहेर पडायचं शिकवलं नाही. म्हणून ऐकलेल्या गोष्टी खोट्या ठरवून टाकायच्या, असं मी म्हणणार नाही. लोकपरंपरेतलं जांभूळ आख्यानही मूळ ग्रंथात नाही. द्रौपदीच्या मनात कर्ण होता हे सांगायला आपल्या लोकांनी ते रचलं आणि गायलं. कुठली गोष्ट कुठून आली हे कळलं की दोन्हींची गोडी वाढते.

वनपर्वातल्या गोष्टी गाळायच्या का?

गाळू नका. नळ-दमयंती, सावित्री, रामकथा ही उपाख्यानं मध्येच घुसवलेली वाटतात, कारण आपण ती सुटी वाचलेली असतात. बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतो ती जुगारात राज्य घालवून वनात बसलेल्या युधिष्ठिराला. माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी झाला का, असं युधिष्ठिरानं विचारलेलं असतं. गोष्ट संपल्यावर बृहदश्व त्याला फाशांची विद्या शिकवतो, आणि विराटाच्या दरबारात कंक होऊन राहताना ती त्याच्या कामी येते. वटसावित्रीमुळे घरोघरी पोचलेली सावित्रीही अशीच येते. द्रौपदीला जयद्रथानं पळवून नेल्यानंतर मार्कंडेय ती सांगतो, आणि ऐकणाऱ्यांत द्रौपदी असते.

तीर्थयात्रांच्या याद्या मात्र खुशाल चाळा.

द्यूतसभा एका बैठकीत

सभापर्वातलं द्यूत आणि त्यानंतरची सभा तुकड्यातुकड्यानं वाचू नका. दासी झालीस, चल, असं सांगायला आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते : त्या जुगाऱ्याला जाऊन विचार, आधी स्वतःला हरलास की मला? हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि भर सभेत त्याला कुणी उत्तर देत नाही. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. बोलतो तो धृतराष्ट्राचा मुलगा विकर्ण, आणि त्याला कर्ण गप्प करतो. शेवटी धृतराष्ट्र वर देऊ लागतो तेव्हा ती युधिष्ठिराची सुटका मागते, मग उरलेल्या चौघांची त्यांच्या रथ-धनुष्यांसह, आणि तिसरा वर नाकारते. मालिकांनी आपल्या डोळ्यांपुढे ठेवली ती साडी. मूळ पाठात सभेला अडकवून ठेवतो तो तिचा प्रश्न.

युद्धपर्वं

अठरा दिवसांचं युद्ध. भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य अर्धा दिवस. संजय धृतराष्ट्राशेजारी बसून चालू लढाई बघतो आणि सांगतो, हे चित्र मनातून काढा. त्याला दिव्यदृष्टी मिळते हे खरं. पण दहाव्या दिवशी तो रणांगणावरून येतो आणि एकदम सांगतो, भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, कसं झालं विचारतो, आणि मग मागचे दहा दिवस सुरू होतात. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या वेळीही तेच : आधी मृत्यूची बातमी, मग हकिगत. हे ठाऊक नसेल तर पर्वाच्या सुरुवातीला मेलेला सेनापती पुढच्या पानावर लढताना पाहून आपण चक्रावतो.

वहीत दिवसवार एकेक ओळ लिहा. बाणांची आणि रथांची वर्णनं पुन्हा पुन्हा येतात. तिथे भरभर पुढे गेलात तरी बिघडत नाही. चौदाव्या दिवसाची रात्र मात्र सोडू नका. जयद्रथवधानंतर लढाई रात्रीही चालूच राहते, घटोत्कच पडतो, माणसं हत्ती-घोड्यांवर बसल्याबसल्या झोपेनं कलंडायला लागतात. तेव्हा अर्जुन ओरडून सांगतो, चंद्र उगवेपर्यंत झोपा. दोन्ही सैन्यं तिथेच, रणात, आडवी होतात.

गीता भीष्मपर्वात येते, सातशे श्लोकांची. पहिल्या वेळी ती एका दमात वाचा, समोर दोन सैन्यं उभी आहेत हे विसरू न देता. अभ्यास नंतर. सौप्तिक आणि स्त्रीपर्व छोटी आहेत. ती लागोपाठ वाचा.

किती वेळ लागेल, आणि काय मागे ठेवायचं

चिकित्सित आवृत्तीत सुमारे २,००० अध्याय आहेत. त्यातले ५०० हून अधिक शांतिपर्व आणि अनुशासनपर्व या दोनच पर्वांत. ही दोन मागे ठेवली तर रोज पाच अध्यायांच्या वेगानं ग्रंथ वर्षाच्या आत वाचून होतो. अध्याय बहुतेक लहान असतात. दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दहा वाचायचा हट्ट करू नका. तसं केलेलं वाचन डोक्यात राहत नाही.

शांतिपर्वाची सुरुवात मात्र याच वाचनात हवी. जिंकलेला युधिष्ठिर कर्णासाठी रडतो, राज्य नको म्हणतो, आणि भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण सगळे त्याची समजूत घालतात. त्याचा राज्याभिषेक होईपर्यंत वाचा आणि तिथून आश्वमेधिकपर्वावर जा. त्याच्या शेवटी अर्धं अंग सोन्याचं झालेलं मुंगूस येतं आणि युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या यज्ञाला एका गरीब ब्राह्मणाच्या पसाभर सातूपेक्षा हलका ठरवतं. पुढची पर्वं लहान होत जातात. मौसलात युद्धानंतरच्या छत्तिसाव्या वर्षी यादव आपसांत लढून संपतात. महाप्रस्थानिकाचे तीनच अध्याय. आश्रमवासिकात मेलेले सगळे योद्धे एका रात्रीपुरते गंगेतून वर येतात आणि आपल्या माणसांना भेटतात. मालिकांत हे फारसं दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच वाचकांना ते अगदी नवं असतं.

वाचन चालू असताना टीकाग्रंथ आणि ‘खरा खलनायक कोण’ छापाची चर्चा दूर ठेवा. तुमचा राग, तुमचा कंटाळा, एखाद्या पात्राबद्दल बदललेलं मत, सगळं वहीत उतरू द्या. भीष्मांचा राग आला तर तसं लिहा, कारण जागेसकट. दुसऱ्या वाचनाला हीच वही सगळ्यात उपयोगी पडते.

मागे ठेवलेल्या शांतिपर्वाकडे वळाल तेव्हा क्रमानं जायची गरज नाही. राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म हे त्याचे भाग. आपद्धर्मातला विश्वामित्र आणि चांडाळ यांचा संवाद आधी काढा. बारा वर्षांचा दुष्काळ पडलाय, भुकेला विश्वामित्र कुत्र्याची तंगडी चोरायला गेलाय, आणि चांडाळ त्याला धर्म सांगतोय. त्यानंतर मोक्षधर्मातला तुलाधार आणि जाजली : डोक्यावर पाखरांनी घरटं बांधलं तरी न हललेला तपस्वी एका वाण्याकडे शिकायला जातो. हे दोन आवडले तर शांतिपर्व तुम्हाला जड जाणार नाही. मग राजधर्मापासून सरळ वाचा. अनुशासनपर्व सगळ्यात शेवटी घेतलं तरी चालेल. विष्णुसहस्रनाम त्यातच आहे, ते कुठे येतं एवढं हवं असेल तर दुसऱ्या अध्यायातल्या त्या अनुक्रमणिकेवर विसंबू नका. प्रतीच्या खंडातली विषयसूची बघा.